उजवा पेच

गिरणीचा दगड उघडायचा, त्या रविवारीच घरातली मोठी बोलणी व्हायची. यात मुहूर्ताचा काही भाग नव्हता. एरवी सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत गिरणी चालायची, आणि ती चालू असताना त्या घरात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही. दर सहा आठवड्यांनी दगड गुळगुळीत व्हायचे, पीठ हाताला गरम लागायचं. मग पट्टा उतरवून, वरचा दगड उचलून दोन्ही दगडांना टाकीने नव्याने खाचा पाडायच्या. तेवढा एक दिवस गिरणी गप्प बसायची आणि माणसं बोलायला लागायची. थोरल्याचं शहरात जाणं असंच उघड्या दगडाभोवती ठरलं होतं, धाकट्याचं लग्नही तसंच, आणि आज धाकट्याच्या नोकरीचं ठरायचं होतं.

धाकट्याच्या बायकोने सकाळपासून चहाचे कप दोनदा धुतले होते. तिसऱ्यांदा नळाखाली धरले, तेव्हा सासूने ते तिच्या हातातून काढून घेतले.

"कपांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"डाग वाटला, आई."

"डाग तुझ्या डोळ्यात असेल. बस जरा."

ती बसली आणि लगेच उठली. बारा वर्षांपूर्वी ती या घरात आली, तेव्हा सासूनेच तिला 'शहरवाली' हे नाव ठेवलं होतं. शहरातल्या एका बेकरीवाल्याची ती मुलगी. धाकटा तिथे पिठाची पोती पोचवायला जायचा. एकदा दहा पोती मोजताना तो तीनदा चुकला, तेव्हा बेकरीवाल्याला काय ते कळलं. नाव ठेवण्यात सासूचा राग नव्हता आणि शहरवालीनेही ते मनावर घेतलं नव्हतं. उलट ती त्या नावाला जागली. वीज गेली, की "आमच्या शहरात असं होत नाही." औषधाचं दुकान दुपारी बंद, "आमच्या शहरात असं होत नाही." हे ती इतक्या वेळा म्हणायची, की घरात ते कुणी मनावर घेत नाही असं तिला वाटायचं. एक माणूस घेत होता, हे तिला आज कळणार होतं.

शहराच्या कडेला पिठाचा एक मोठा कारखाना होता. तिथे पाळीवर देखरेख करायला माणूस हवा होता आणि धाकट्याला बोलावणं आलं होतं. साहेबाने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. येणार का, आणि आलात तर किती जण? कुटुंब असेल तर दोन खोल्या, एकट्याला एक. रविवारी पाचपर्यंत फोन आला नाही, तर जागा दुसऱ्याला. आता अकरा वाजले होते.

ती चहा घेऊन गिरणीत गेली. वरचा दगड साखळीला टांगून बाजूला ठेवला होता. आप्पा, तिचे सासरे, खालच्या दगडापाशी मांडी घालून बसले होते आणि टाकीवर हातोडी मारत होते, न थांबता, एका लयीत. गिरणीने त्यांचे कान केव्हाच नेले होते. थोरल्याने हौसेने आणलेलं कानाचं यंत्र कपाटात, डबीत, कापसात गुंडाळून ठेवलेलं होतं. "खराब होईल," असं ते म्हणायचे.

थोरला शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. दगड उचलायला हात लागतो म्हणून तो दर खेपेला यायचा, आणि आला की दोन तास तरी असा वावरायचा, जसं काही गिरणी त्याच्याशिवाय बंदच पडली होती.

"मग?" पहार भिंतीला टेकवत त्याने विचारलं. "काय सांगणार साहेबाला?"

"माझं काय," धाकटा वरच्या दगडावर टाकी मारता मारता म्हणाला. "मला इथे काय टोचतंय? पण हिचा जीव रमत नाही रे. बारा वर्षं ऐकतोय. उठताबसता शहर. शेवटी मलाच वाटलं, एकदाचं घेऊन जावं."

शहरवाली दारातच थांबली. कप एकमेकांवर वाजले, तेव्हा दोघांनी वर पाहिलं.

"ये ना," धाकटा म्हणाला. "तुझंच चाललंय."

"ऐकलं," ती म्हणाली. चहा ठेवून ती बाहेर आली, आणि अंगणात आल्यावर तिच्या लक्षात आलं की साखर घातलेलीच नाही. घालायला ती परत गेली नाही.

तिला राग आला होता, पण तो नेमका कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. म्हणायला ती म्हणतच होती ना, बारा वर्षं? मग आता तोंड कसं फिरवायचं? आणि खरं काय होतं, ते तिचं तिला तरी कुठे ठाऊक होतं? गेल्या महिन्यात ती माहेरी चार दिवस राहून आली. बेकरीत भावाने नवं यंत्र घेतलं होतं. सवयीने तिने पोत्यात हात घातला, चिमूटभर पीठ बोटांवर घोळवलं आणि म्हणाली, "दादा, हे जाड आहे." भाऊ हसला. "अगं, आता कुणी हात लावून बघत नाही. कारखान्यातून एकसारखं येतं. जाड तर जाड, बारीक तर बारीक." त्या रात्री तिला झोप आली नाही. बाहेर गाड्यांचा आवाज होता म्हणून नव्हे, त्या आवाजात तर ती वाढली होती.

चिमटीची गोष्ट इथे कुणालाच माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आप्पांनी पीठ बोटांवर घोळवलं, परत घोळवलं, आणि मुकाट्याने तिच्या तळहातावर ठेवलं. त्यांच्या बोटांतली जाण गेली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, तिनेही नाही. तेव्हापासून पीठ ती बघायची, मनगट वळवून खूण ती करायची आणि आप्पा दगड आवळायचा-सोडायचा पेच फिरवायचे. धाकटा दिवसभर टेम्पो घेऊन पोती पोचवत हिंडायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा राबवून घेतोय आणि सून निमूट उभी आहे.

गिरणीत तोंडाला काम नसायचं, सगळं हातांनी चालायचं. दोन बोटं वर केली, की दोन डबे राहिलेत. तळहात पुढे ढकलला, की चालू दे. डब्याकडे बघून हनुवटी उडवली, की हे कुणाचं, आणि ज्याचं असेल त्याने छातीवर हात ठेवायचा. शहरवालीच्या नऊ वर्षांच्या मुलीला ही भाषा बोलता येण्याआधी येत होती. शाळेतल्या बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली होती, 'उत्तर येते, पण तोंडाने देत नाही.'

टाकीचं काम संपत आलं, तसे सगळे गिरणीतच जमले. सासू पोत्यावर बसली. थोरल्याची बायको वजनकाट्याला टेकून उभी राहिली. ती नर्स होती, तिला बसायची सवय नव्हती आणि गोड बोलायची तर त्याहून नव्हती.

"मी स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "ही दोघं गेली तर आई-आप्पा इथे एकटे. म्हणजे आमच्याकडे. आमच्या दोन खोल्या आहेत आणि यांचा आवाज हा एवढा. मागच्या वेळी आप्पांनी पाणी मागितलं, तर वरच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला, भांडण चाललंय का म्हणून."

"म्हणजे आम्ही नकोत," सासू म्हणाली.

"नकोत कुठे म्हटलं मी, आई? मावत नाही म्हटलं."

"मला मावायचंच आहे," सासूने जाहीर केलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "बघता काय? एवढी वर्षं पीठ खाल्लं मी नाकातोंडातून. मला लिफ्टमध्ये बसायचंय. पोरगा जन्मभर लोकांच्या लिफ्टा नीट करतोय, मी आपली जिना चढतेय."

"आई, आमच्या इमारतीला लिफ्ट नाहीये," थोरला म्हणाला.

"मग काय उपयोग तुझा?"

थोरल्याची बायको हसली. सासूची आणि तिची कधी नव्हे ती गट्टी जमेल असं वाटायला लागलं, पण थोरल्याने मध्येच माशी शिंकवली.

"त्यापेक्षा मीच परत येतो," तो म्हणाला. "धाकट्याला जायचंय ना? जाऊ दे. मी चालवतो गिरणी. लहानपणापासूनचं काम आहे माझं."

"तू ये," त्याची बायको शांतपणे म्हणाली. "मी येत नाही. माझी नोकरी तिथे आहे. दर रविवारी भेटू. मी दगड उचलायला येत जाईन."

थोरला वरमला. पण बोलून गेलेलं मागे घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. "आप्पांना तरी विचारा," तो म्हणाला. "गिरणी त्यांची आहे. त्यांना कुणी विचारलंय का?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. जी माणसं सकाळपासून आप्पांच्या डोक्यावरून बोलत होती, ती आता त्यांच्याभोवती जमली. धाकटा त्यांच्या कानाशी वाकला आणि अंगणातली कोंबडी उडेल एवढ्या आवाजात ओरडला, "आप्पा, आम्ही शहरात जाऊ का?"

आप्पांनी हातोडी खाली ठेवली. समोर पाहिलं. मग उजवा हात उचलून मनगट उजवीकडे वळवलं, एकदा, सावकाश, आणि परत हातोडी उचलली.

"झालं," थोरला म्हणाला. "सोडा म्हणाले. जाऊ द्या त्यांना, असं म्हणाले."

धाकट्याचा चेहरा पडला होता. "सोडा कुठे? आवळा म्हणाले. कुठे जाऊ नका म्हणाले."

"उजवीकडे म्हणजे सोडा."

"उजवीकडे म्हणजे आवळा. रोज काम करतो मी इथे."

"मी तुझ्याआधी दहा वर्षं केलंय."

दोघे हमरीतुमरीवर आले. गंमत अशी, की धाकट्याला जायचं होतं आणि तोच 'जाऊ नका म्हणाले' असं शपथेवर सांगत होता. वाद वाढत गेला तसं त्याच्याही ते ध्यानात आलं, आणि मग तो हळूहळू थोरल्याच्या बाजूला सरकायला लागला. "हां, म्हणजे तसंही असेल," तो म्हणाला. "तुझंही बरोबर असेल." जन्मात पहिल्यांदा त्याला मोठ्या भावाचं पटत होतं.

"तुम्ही दोघंही बरोबर आहात," सासू पोत्यावरून म्हणाली. "थोरला शिकला तो जुन्या यंत्रावर. त्याचा पेच उजवीकडे फिरवला की दगड सुटायचे. तो गेल्यावर हे नवं आलं, त्याचं उलट आहे. उजवीकडे फिरवलं की आवळतात. यांना दोन्ही यंत्रं पाठ. आता यांच्या मनात कुठलं होतं, ते यांनाच ठाऊक."

सगळे पुन्हा आप्पांकडे बघायला लागले. आप्पा खाचेत फुंकर मारत होते.

शहरवाली मात्र आप्पांकडे बघतच नव्हती. मनगट वळवताना आप्पांनी समोर पाहिलं होतं, ते कुणाच्या तोंडाकडे नव्हे, यंत्राच्या पेचाकडे. पेचाचे आटे कोरडे पडून करडे झाले होते. तिने कोनाड्यातून तेलाची बुधली घेतली, पेचावर चार थेंब सोडले आणि तो पुढेमागे फिरवला. आप्पांनी मान डोलावली. पेच फिरतो का, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. आपल्याला कुणी काही विचारलं होतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

ते पाहून थोरल्याच्या बायकोला हसू आवरेना. धाकट्याला मात्र हसू आलं नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"मग मी काय सांगू त्या माणसाला?" तो म्हणाला. "हसा तुम्ही. इथे हिच्यासाठी मी..."

"माझ्यासाठी नको," शहरवाली म्हणाली.

बुधली तिच्या हातातच होती. आपला आवाज एवढा साधा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"काय नको?"

"माझं नाव नको. सकाळपासून सगळ्यांना विचारून झालं. आईंना, भाऊजींना, ताईंना. ऐकू येत नाही त्या माणसालासुद्धा विचारलंस. मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं? तूच तर म्हणतेस. आमच्या शहरात असं, आमच्या शहरात तसं."

"म्हणते. वीज गेली की म्हणते. तू वीज गेली की शिव्या देतोस, म्हणून काय तुला वीज मंडळात नोकरी लावायची?"

सासूने पदर तोंडाला लावला.

"तुला जायचंय," शहरवाली म्हणाली. "टेम्पो घेऊन शहरात जातोस, तेव्हा तासाचं काम असलं तरी संध्याकाळी येतोस. मला दिसतं ते. वाईट काय आहे त्यात? पण तसं सांग ना. माझ्या खांद्यावर बंदूक कशाला?"

धाकट्याने पँटला हात पुसले. त्याच्या भुवयांवर दगडाची धूळ बसली होती आणि त्यामुळे तो एकदम म्हातारा दिसत होता. तिला त्याची दया आली आणि ती दया तिने दाखवली नाही.

"आणि तुला?" त्याने शेवटी विचारलं. "तुला काय हवंय?"

बारा वर्षांनी विचारलं होतं. तिने बुधली कोनाड्यात ठेवली. "दगड बसवा आधी," ती म्हणाली. "चार वाजतील."

दगड बसवायला घेतला. साखळी खाली आली, थोरल्याने पहारीने दगड जागेवर सरकवला, धाकट्याने पट्टा चढवला. आप्पांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि गिरणीने सगळ्यांची तोंडं बंद केली.

टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कचकचीत निघतं. ते जनावरांना जातं. मग गव्हाचा एक डबा ओतून बघायचा. शहरवालीने गहू ओतला. पीठ यायला लागलं, तसं तिने हात पुढे केला, चिमूट घेतली, अंगठ्याने बोटांवर घोळवली. जाड. तिने मनगट उजवीकडे वळवलं. आप्पांनी पेच पाव फेरा आवळला. तिने पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा मनगट. पुन्हा पाव फेरा. आप्पांनी स्वतः पिठाला बोट लावलं नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही.

मशीनच्या पलीकडे उभ्या असलेल्या धाकट्याने ते पाहिलं. आधी नुसतं पाहिलं, मग त्याला दिसलं. त्याने आप्पांच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या. थोरल्यालाही दिसलं असावं. मघाशी 'मी चालवतो' म्हणालेला माणूस पेचापासून दोन पावलं मागे सरकला.

आप्पांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण सकाळपासून तोंडं हलताना दिसत होती, आणि कोण कुणाशी कसं उभं आहे ते बघून निम्मं बोलणं ओळखायची त्यांची जुनी सवय होती. ते शहरवालीकडे वळले. गिरणीवर हात ठेवला, डब्यावर नव्हे, गिरणीवर. आणि हनुवटी उडवली.

हे कुणाचं?

तिने पिठाने भरलेला हात उचलला आणि छातीवर ठेवला. विचार करायला सवड मिळाली असती, तर कदाचित ठेवला नसता. हात आधी गेला, ती मागून पोचली. आणि पोचल्यावर तिला हलकं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. साडीवर पांढरा पंजा उमटला.

धाकट्याने त्या पंजाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढत तो अंगणात गेला.

थोरल्याची बायको जवळ आली आणि तिने शहरवालीच्या कानाला तोंड लावलं. "पोरगी आठवीत गेली, की माझ्याकडे ठेव," ती ओरडली. "एक माणूस मावतं." शहरवालीने मान हलवली. तिचे डोळे खिडकीकडे होते. धाकटा अंगणात येरझाऱ्या घालत बोलत होता. पाच पावलं इकडे, पाच पावलं तिकडे. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. बारा वर्षांत तिने त्या आवाजाला इतक्या शिव्या दिल्या होत्या, आणि आज तो आवाज थांबू नये असं तिला वाटत होतं. तो नाही म्हणेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाही म्हणावं, असं तिला वाटत होतं. तसं सांगायला आता तोंड नव्हतं, कारण त्याला खरं बोलायला लावणारी तीच होती.

तो आत आला. मशीनच्या पलीकडे, आपल्या जागी उभा राहिला. तिने भुवया उंचावल्या.

त्याने एक बोट वर केलं.

एक डबा राहिला, की असंच करतात. पण डबा एकही राहिलेला नव्हता, आणि साहेबाने किती जण येणार ते विचारलं होतं, हे तिला माहीत होतं. पहिल्यांदाच त्याने आपलं स्वतःचं काहीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगून तो मार खाल्ल्यासारखा उभा होता. तिचे डोळे भरून आले. तिने तळहात उभा केला आणि त्याच्या दिशेने पुढे ढकलला.

चालू दे.

त्याने मान खाली घातली, मग वर केली. पोत्यावर बसलेल्या सासूने एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

आप्पा पेचावर हात ठेवून वाट बघत होते. शहरवालीने बाहीला डोळे पुसले, पिठात हात घातला, चिमूट घेतली आणि बोटांवर घोळवली. अजून किंचित जाड होतं. तिने मनगट उजवीकडे वळवलं.